जांभळे हात

माझ्या बायकोने सात महिने हातांना साबण लावला नव्हता आणि गावाला तिचा अभिमान होता. ग्रामपंचायतीबाहेरच्या फळ्यावर खडूने तसं लिहिलंही होतं: ‘निवसड्याची शान, सौ. प्रणिता उल्हास घाडी.’ शान म्हणजे काय असतं ते घरातली भांडी ज्याला घासावी लागतात त्याला विचारा. सात महिने भांडी मी घासली, कपडे मी धुतले, भात-आमटी मी केली. आमटीत मीठ किती घालायचं ते ती दारातून ओरडून सांगायची, कारण मिठाच्या डब्याजवळ यायची तिला परवानगी नव्हती.

तिचे दोन्ही हात कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत जांभळे होते. जांभळं खाल्ली की जीभ होते ना, तसे. त्यांवर दिवसभर मलमलीच्या ओल्या बाह्या आणि दर दोन तासांनी बाह्यांवर बावीचं, म्हणजे आमच्या विहिरीचं पाणी. साबण नाही, मीठ नाही, तेल नाही, नळाचं क्लोरिनवालं पाणी नाही आणि हळद तर मुळीच नाही. नियमांच्या कागदावर हळदीखाली डॉक्टरबाईंनी लाल शाईने दोनदा रेघ मारली होती.

बाजारात बायका तिच्यापासून हातभर लांब उभ्या राहायच्या. माझे मित्र तर काय, तोंडाला लगामच नाही. “काय रे उल्हास, बायलेक रातचा बादलीत ठेवतंस काय?” मी हसायचो. हसण्यावारी नेलं नसतं तर भांडणं झाली असती, आणि गावात फवारणीची कामं मिळायची तर सगळ्यांशी गोड राहावं लागतं.

हे सगळं कशासाठी, तर बेडकांसाठी.

आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्या कातळाच्या भेगांत अंगठ्याच्या नखाएवढा एक बेडूक राहतो. आम्ही त्याला कातळबेबो म्हणतो. बेडूक कातडीने पाणी पितो, बराचसा श्वासही कातडीनेच घेतो आणि रक्तातले क्षार कातडीतूनच सांभाळतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी कोकणात एक बुरशी आली. ती पाण्यात पोहते, बेडकाच्या कातडीत शिरते आणि ती कातडी निकामी करते. मग क्षार बिघडतात आणि त्याचं इवलंसं हृदय थांबतं. ही बुरशी कुणी मुद्दाम आणली नाही. धबधबे बघत फिरणाऱ्यांच्या बुटांतल्या चिखलातून आली, एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात टाकलेल्या ओल्या जाळ्यांतून आली. बूट उन्हात वाळवले असते तरी मेली असती. पण वाळवतो कोण?

डॉ. नझमा मुकादम या बाई विद्यापीठातून आमच्याकडे आल्या आणि त्यांना या कातळबेब्यांच्या अंगावर एक जांभळा जिवाणू सापडला. तो ज्याच्या अंगावर असेल त्याच्या वाट्याला बुरशी जात नाही. म्हणजे औषध बेडकाच्या अंगावरच होतं. घोळ केला तो उन्हाळ्याने. पूर्वी कातळाच्या भेगांत मे महिन्यातही ओल टिकायची. आता ऑक्टोबरात कातळ तापतो तो जूनपर्यंत. बेडूक भेगेत निपचित झोपून तग धरतो, पण त्याच्या अंगावरचा जिवाणू मरतो. बुरशी खोल कुठेतरी दबा धरून राहते. पाणी आलं की बेडूक उठतो आणि त्याच्या मागोमाग तीही उठते.

जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहिला. काचेच्या बशीत चार-सहा पिढ्यांत त्याचा रंग उडतो आणि रंगाबरोबर गुणही जातो. त्याला जिवंत आणि ओली कातडी लागते. शेवटी बाईंनी वैतागून स्वतःच्या तळहातावर घेतला, आणि तो जगला. तेव्हापासूनची रीत अशी: ऑक्टोबरात बेडूक माणसाच्या हातावर ठेवायचा, त्याच्या अंगच्या बुळबुळीसकट जिवाणू घ्यायचा, आठ महिने सांभाळायचा आणि जूनमध्ये तळ्यात हात बुडवून ज्याचा त्याला परत करायचा. एका माणसाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर तो जात नाही. मध्ये बेडूक लागतोच.

प्रणिता पहिल्याच दिवशी पुढे झाली. तिची धाकटी बहीण सोनाली खाडीपलीकडच्या भंडारमाळला दिलेली. तिथल्या सड्यावरचे बेडूक बुरशीने संपले. लोक म्हणाले, बरं झालं, रात्रीची कटकट गेली. तळ्यातल्या डासांच्या अळ्या खाणारं, त्यांचा घास पळवणारं कुणी उरलं नाही, आणि दोन पावसाळ्यांनी त्या गावात ताप आला. सोनाली चौथ्या दिवशी गेली. तिची चौदा वर्षांची आर्वी आमच्याकडे आली आणि आमचीच झाली. आम्हाला मूलबाळ नाही.

पहिल्या वर्षी मीही हात पुढे केला होता. बाईंच्या हातात एक तपासणीचं यंत्र असतं, सुपारीच्या डबीएवढं. सगळे त्याला डबीच म्हणतात. हातावर टिपकागद दाबायचा, डबीत सरकवायचा, दहा मिनिटांत आकडा येतो. माझा कागद बघून बाईंनी विचारलं, काम काय करता? मी वीस वर्षं आंब्याच्या बागांत फवारणी करतोय. ड्रोन आले, पण उतारावरच्या जुन्या झाडांच्या पोटात ड्रोन शिरत नाही, तिथे गडीच लागतो.

“उल्हासभाऊ, राग मानू नका,” बाई म्हणाल्या, “पण तुमच्या हातावर काही जगणार नाही.”

सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी जेवताना मात्र मला माझ्या हाताकडे बघवेना.

यंदा तालुक्यात असे हातांवर जिवाणू सांभाळणारे अकरा वाहक होते. शाळेच्या मास्तरांनी फेब्रुवारीत दाढ दुखली म्हणून गोळी घेतली, आठवड्यात हात गोरे. एकीने सवयीने कैरीला मीठ चोळलं. एक जण सासुरवाडीला गेला, तिथे सासूने जावयाचे काळेनिळे हात बघून प्रेमाने रिठ्याच्या पाण्याने घासून दिले. असे एकेक गळत गेले, आणि मेच्या मध्यावर प्रणिता एकटी उरली. तिचा आकडा शंभरात ब्याऐंशी. दहाच्या खाली गेला की बेडकाला द्यायला काही उरत नाही. पावसाचा अंदाज जूनच्या पंधरा तारखेचा. आणि मेच्या चोविसाव्या तारखेला आर्वीचं लग्न.

आर्वी औषधशास्त्र शिकलेली, कुडाळला नोकरी करणारी पोरगी. तिला जिवाणू-बुरशी काय समजवायची? तिला सगळं समजत होतं, म्हणूनच ते अवघड झालं.

“मावशे, हळद तू लावतलंस ना?” लग्नाच्या आठ दिवस आधी तिने विचारलं.

“पाच सवाशिणी आसत गो लावूक.”

“माका पाच जणी नको. माका तू होई.”

प्रणिताने ओल्या बाह्यांतले हात पाठीमागे घेतले. “मी लांबसून बघतंय. थोड्या दिवसांचो प्रश्न आसा, आर्वी. दुसरा कोण उरला नाय.”

आर्वी शांतपणे म्हणाली, “माझ्या आवशीक तापान न्हेल्यान आणि मावशेक बेब्यांनी.”

एवढं बोलून ती आत गेली. प्रणिता दिवसभर जेवली नाही. मी तिची समजूत काढायला गेलो, म्हटलं एक बोट लाव, एका बोटाने काय होतंय. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडी घासायला निघून गेलो.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव होता. हल्ली मेच्या लग्नात उकाड्याने माणसं पडतात म्हणून मांडववाले छताला बारीक फवारे मारणारी नळी लावतात, तशी आमच्याकडेही होती. प्रणिताची जागा ठरली होती: तुळशीपलीकडे, नव्या चिऱ्यांच्या गडग्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या भिंतीपाशी, हळदीपासून वीस पावलांवर. हळदीची पितळी मोठी वाटी ताम्हनात घालून मी धरून उभा. दुसरं काम माझ्याकडे कुणी दिलं नसतं.

पहिल्या सवाशिणीने आर्वीच्या गालाला हळद लावली. आर्वीने डोळे मिटले नाहीत, ती तुळशीपलीकडे बघत होती, आणि रडत होती. पाचवी बाई झाली तेव्हा प्रणिताला राहवलं नाही. जवळ यायचा तिचा विचार नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. ती फक्त नीट दिसावं म्हणून एक पाऊल बाजूला सरली. तिच्याच बाह्यांतून ठिबकलेल्या पाण्याने खालची लादी निसरडी झाली होती. ती घसरली, सावरायला उजवा हात गडग्यावर टेकला आणि नव्या चिऱ्याच्या धारेवर तळवा फाटला. जांभळ्या हातावर लालभडक रक्त.

रक्त दिसलं की हळद दाबायची. माझ्या आवशीने माझ्या ढोपरावर दाबली, मी आर्वीच्या बोटावर दाबली, कोकणात असा माणूस दाखवा ज्याने दाबली नाही. त्यासाठी विचार करावा लागत नाही. मी वाटीतली मूठभर हळद घेतली, ताम्हन टाकलं, धावलो, तिच्या जखमेत भरली आणि दोन्ही हातांनी तिची मूठ गच्च आवळून धरली.

“थांबतला हां, आत्ता थांबतला,” मी म्हणत होतो. कामाला आलो याचा मला आनंदच झाला होता.

मग मी तिचं तोंड पाहिलं.

“माजो हात सोडा,” ती हळू म्हणाली. डावा हात तिने डोक्यावर उंच धरला होता, शाळेत उत्तर द्यायला पोर धरतं तसा. “सोडा, लांब व्हा. हळद ह्या हातार उडात.”

कुणीतरी बावीचं पाणी आणलं, तिच्या उजव्या हातावर ओतलं. पिवळं पाणी बोटांच्या बेचक्यांतून, मनगटावरून, कोपरापर्यंत ओघळलं. ओतलं नसतं तर कदाचित कोपराकडचा भाग वाचला असता, पण हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. सात महिने जपलेलं मी सात पळांत घालवलं होतं, आणि तेही मायेने.

प्रणिताने तळव्याला फडकं बांधून घेतलं, डावा हात तसाच उंच ठेवून ती चालत मांडवात गेली आणि आर्वीसमोर बसली.

“ह्यो हात गेलोच,” ती म्हणाली. “मगे तुका तरी लावतंय.”

उजव्या हाताच्या बोटांनी तिने आर्वीच्या दोन्ही गालांना हळद लावली. कपाळाला, मग हातांना लावली. आर्वी हमसून हमसून रडत होती. तिला मावशीला मिठी मारायची होती, पण वर धरलेल्या त्या ओल्या हाताला आपलं अंग लागेल म्हणून ती जागची हलली नाही. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, आर्वी सासरी गेली, आणि डॉक्टरबाई आल्या. उजवा हात शून्य. डावा एकसष्ट.

“एक हात पुरेल,” बाई म्हणाल्या. “पाऊस वेळेवर आला तर.”

पण दोन दिवसांनी जखम सुजली. चिऱ्याची माती आत राहिली असावी. तिसऱ्या दिवशी ताप चढला, मनगटापासून वर एक लाल रेघ दिसायला लागली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट दिलं आणि सांगितलं, आजच सुरू करा, विष वर चढतंय. प्रणिताने एकच विचारलं: ही गोळी घेतली तर डाव्या हातावरचा जिवाणू जगेल? डॉक्टरांनी नझमाबाईंना फोन लावला. बोलणं संपायच्या आतच आम्हाला उत्तर कळलं. जंतू मारायच्या गोळीला आपला कोण आणि परका कोण, ते कळत नाही.

तिने पाकीट देवाच्या फळीवर ठेवलं.

“पावस येवंदे,” म्हणाली.

“पावसाक वीस दिवस आसत! तोवर तू ऱ्हवतलंस काय?” मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर असा ओरडलो. “बेबे गेले खड्ड्यात! गोळी घे!”

“सोनाली गेली तेवां तुमीच म्हनालात, आमका आदी कळला असता तर काय तरी केला असता,” ती म्हणाली. तापाने तिचे दात वाजत होते. “आता कळलाहा.”

नझमाबाई माझ्या बाजूच्या होत्या. त्याही म्हणाल्या, वहिनी, घ्या गोळी, तुमच्या जिवापेक्षा माझं संशोधन मोठं नाही. पण बोलताना त्यांनी डबीकडे पाहिलं. डावा हात तेहतीस. तापाने कातडी तापत होती, जिवाणूला ते सोसवत नव्हतं. पाऊस येईपर्यंत ना तो जिवाणू उरणार होता, ना कदाचित माझी बायको. दोघांनाही मारायला एक मूठ हळद आणि माझ्यासारखा एक शहाणा पुरला होता.

तेव्हा मी ते सांगितलं. वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

“बाई, पाऊस नसला तरी ते उठतात.”

“कोण?”

“बेबे. एप्रिलात आमच्या फवारणीच्या टाकीचं पाणी कातळावर सांडतं. तासाभरात भेगांतून बाहेर येतात. त्यांना वाटतं, पाऊस आला. त्या पाण्यात येऊन बसतात.” मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. “दुपारपर्यंत मरतात. मी खराट्याने लोटून टाकायचो. दर वर्षी.”

प्रणिता डोळे मिटून पडली होती. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मग तिच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं आणि मला कळलं की ऐकलंय.

नझमाबाईंनी डबी बंद करून बाजूला ठेवली. मग त्यांनी हिशेब मांडला. स्वच्छ पाणी, पावसासारखं, कातळ थंड होईपर्यंत. उठतील त्यांना वहिनींच्या हातावर ठेवायचं. “पण उल्हासभाऊ, एकदा उठवलं की त्यांना परत झोपवता येत नाही. पाऊस येईपर्यंत तळं भरलेलं ठेवावं लागेल. एक दिवस जरी सुकलं तरी आपण स्वतःच्या हातांनी शेवटचे बेडूक मारले असं होईल.”

“पाणी घालू.”

“वीस दिवस? सड्यावर? मेच्या उन्हात?”

“घालू म्हटलं ना!” मी म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणी मला बेडकांचं काही पडलं नव्हतं. मला ती गोळी तिच्या पोटात जायला हवी होती.

माझं फवारणीचं यंत्र चालणार नव्हतं. त्याच्या नळीत वीस वर्षांचं विष मुरलेलं. मांडव अजून उतरवला नव्हता. त्याची फवारे मारणारी नळी मी ओरबाडून काढली. तिने आयुष्यात पाण्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. नवीन पिंपात बावीचं पाणी भरून रिक्षा-टेंपोने सड्यावर नेलं. वर चढण्याआधी बाईंनी सगळ्यांच्या चपला काढून घेतल्या आणि पाय धुवून वाळवायला लावले. मला त्यांनी पिंपाला हात लावू दिला नाही. नळी मास्तरांनी धरली, दाढदुखीवाल्या. मी लांबून फक्त दाखवत होतो: इथे मारा, टाकी सांडायची त्याच्या वरच्या भेगेवर, जरा वरून पडू दे, पावसासारखं.

दुपारी चार वाजता सुरू केलं. कातळाने पहिलं पिंप नुसतं गिळलं. वाफ निघाली, डाग पडले, डाग वाळले. दुसरं पिंपही तसंच. प्रणिताला आम्ही खुर्चीवर बसवून वर आणलं होतं. तिची मान खांद्यावर पडत होती, डावा हात मांडीवर, तळवा वर. तिसऱ्या पिंपाला खोलगट जागेत बोटभर पाणी साचलं. सहा वाजले. काही नाही.

“भाऊ, नक्की इथेच?” बाईंनी विचारलं.

इथेच. खराट्याने लोटलेली जागा विसरत नाही माणूस.

सव्वासहाला एका भेगेच्या तोंडाशी काहीतरी हललं. चिंचोक्याएवढं डोकं, त्यावर दोन डोळे. बाहेर आलं, पाण्यात उतरलं आणि पोट टेकून बसलं. मग आणखी एक. तिन्हीसांजेपर्यंत अकरा झाले. मी तोंडावर पंचा दाबून उभा होतो, रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून.

बाईंनी एकेक बेडूक ओल्या पानावर घेऊन प्रणिताच्या डाव्या तळव्यावर सोडला. एकेकाला दोन मिनिटं. त्या जांभळ्या पशात तो बसायचा, गळ्याची कातडी धडधडायची. प्रणिता मोजत होती, तापात, चुकत, परत पहिल्यापासून. सातव्याला तिचा हात खाली झुकायला लागला, तेव्हा मास्तरांच्या बायकोने खालून मनगटाला ओल्या फडक्याचा आधार दिला. मी नवरा, पण मला तो हात धरता येत नव्हता. अकरावा पाण्यात सोडला तेव्हा डबीने चौदा दाखवले.

“झालं, वहिनी.”

प्रणिताने तोंड उघडलं. गोळी मी तिच्या जिभेवर ठेवली. पाणी पाजलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “दर वर्सा लोटलात?”

“हां.”

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि डावा हात गोरा झाला. डबीत शून्य. आता जे काही होतं ते सड्यावरच्या बोटभर पाण्यात होतं.

पुढचे वीस दिवस मी कधी विसरणार नाही. रोज सकाळ-संध्याकाळ बावीपासून सड्यापर्यंत माणसांची रांग. हंडे, कळश्या, दुधाचे कॅन. जे मित्र मला बादलीवरून चिडवायचे ते आता स्वतः बादल्या घेऊन चढत होते, आणि मी चिडवायच्या परिस्थितीत नव्हतो. चढ माझा, मी जड हंडे वर न्यायचो आणि तळ्यापासून दहा पावलांवर दुसऱ्याच्या हातात द्यायचो. त्या दहा पावलांत कधी पाऊल टाकलं नाही. लग्नाच्या पाचव्या दिवशी आर्वी पाच परतवणाला, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या माहेरभेटीला आली. हातावर मेंदी, नखांच्या कडांना अजून हळद. तिलाही पाण्याजवळ जायची बंदी. ती काठी घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि बेडकांवर टपलेले बगळे हाकलत राहिली. हिरव्या चुड्याचा आवाज करत, भर उन्हात.

“काका,” ती एकदा म्हणाली, “मी मावशेक तसा बोलूक नको होता.”

“आणि मी?” मी म्हटलं. “माझा काय?”

एक बगळा बसला होता, तो तिने हाकलला.

पहिल्या आठवड्यात दोन बेडूक मेले. सोळा जूनला पाऊस आला, एक दिवस उशिराने, आणि सडाभरच्या भेगांतले बाकीचे बेडूकही तळ्यावर आले. जुलैत बाईंनी नऊ बेडूक तपासले: चौघांवर जांभळा ठिपका. नऊपैकी चार. पाण्यातून तो बाकीच्यांवर जाईल, की चार नवसाचे सोडून सगळे जातील, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ऑगस्टात एका सकाळी तळ्याच्या काठी मेलेले सापडले, वीसेक. प्रणिताने ते एकेक उचलून पुरले. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत, त्यामुळे तिला वेळ लागला.

सप्टेंबरअखेर बाईंनी पुन्हा तपासलं. सडाभर शोधून सव्वीस जिवंत सापडले. त्यांतल्या सतरा जणांवर ठिपका होता.

जूनपासून मी फवारणी सोडली होती. बागायतदाराला नाही म्हटलं तेव्हा तो हसला आणि दुसरा गडी घेतला. म्हणजे विष तेवढंच पडणार, फक्त माझ्या हातून नाही. सरपंचांना सांगून एवढंच करून घेतलं की सड्यावर टाकी धुवायची नाही. चिऱ्याच्या खाणीवर हिशेब लिहायचं काम धरलं. रोज हात मातीत घासायचो, बावीच्या पाण्याने धुवायचो. कातडीत मुरलेलं असं धुवून जात नाही, कातडीच नवी यावी लागते.

ऑक्टोबरात ग्रामपंचायतीत वाहकांची रांग लागली. या खेपेला तेवीस माणसं. मी शेवटी उभा राहिलो. बाईंनी टिपकागद दाबला, डबीत सरकवला, आकडा बघितला.

“बेडकाला आता धोका नाही,” त्या म्हणाल्या. “पण जिवाणूचं सांगता येत नाही, भाऊ. अजून थोडं विष आहे.” त्यांनी प्रणिताकडे पाहिलं. अधू हातामुळे या खेपेला तिला कुणी वाहक करणार नव्हतं. ती मदतीला बसली होती.

जूनपासून ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. जेवा, पाणी आणा, दार लावा, एवढंच. तिने ओल्या पानावरचा बेडूक चांगल्या हाताने उचलला आणि माझ्या तळव्यावर ठेवला. गारेगार, वजन नसल्यासारखा. त्याच्या गळ्याची कातडी धडधडत होती. इतक्या वर्षांत या हाताने एकही जिवंत धरला नव्हता.

आठ दिवसांनी डबी पुन्हा उघडली.

“एक,” बाई म्हणाल्या.

“शंभरात एक?”

“हो. पण शून्य नाही.”

मी घरी आलो. डाव्या मनगटाशी, घड्याळ बांधतात तिथे, डाग होता, भाताच्या शितापेक्षा लहान, बघितल्याशिवाय दिसू नये असा. प्रणिता चुलीपाशी होती. मी दारातच थांबलो आणि हात पुढे करून तिला दाखवला. माझ्या हातावर काहीतरी जगत होतं.

तिने डाग बघितला. कितीतरी वेळ बघितला. मग उठली, डाव्या हाताने हळदीचा डबा उचलला आणि सगळ्यांत वरच्या फळीवर, मागे सारून ठेवला.